फाइलमध्ये नव्हता तो अंगठा

उंची वाढत नाही म्हणून आलेली नऊ वर्षांची मुलगी. ११२ सेंटिमीटर, जेमतेम सहा वर्षांच्या पोरीएवढी. ग्रोथ हार्मोनच्या पहिल्या चाचणीत, तो वाढवणारं क्लोनिडिन हे औषध देऊनही, आकडा ४ नॅनोग्रॅमच्या वर चढला नव्हता. त्या दिवशी ग्लुकॅगॉनची दुसरी चाचणी होती. तीन तास, दर अर्ध्या तासाला रक्त. ती पहिल्यासारखीच येणार असं धरून मी रोजच्या इंजेक्शनचा डोस लिहूनही मोकळी झाले होते.

सिस्टर नळ्या ठेवता ठेवता म्हणाल्या, "मॅडम, ती पेन्सिल कशी धरते बघितलंत? अंगठा लावतच नाही."

उठून गेले. दोन्ही अंगठे बारीक, मुळाशी मांसच नाही. कमरेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे दोन डाग. हाडांचं वय काढायला डाव्या हाताचा एक्स-रे मीच सांगितला होता, वाचलाही मीच: साडेसहा वर्षं. अंगठा त्याच फिल्मवर होता. मी मनगटाची हाडं बघत बसले होते. लाज वाटली.

मग रक्ताचा जुना रिपोर्ट काढला. प्लेटलेट ९२ हजार, एमसीव्ही १०४, म्हणजे तांबड्या पेशी नको तितक्या मोठ्या. कडेला कुणीतरी लिहिलेलं: 'व्हायरल?'

फॅन्कोनी अ‍ॅनिमिया. १९२७ साली गुइडो फॅन्कोनींनी तीन भावांमध्ये पाहिलेला आजार. पेशींना डीएनएची दुरुस्ती जमत नाही. अस्थिमज्जा आटत जाते, रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. यात ग्रोथ हार्मोन तयार करणारी पिट्युटरी ग्रंथी, थायरॉइड, साखर, काहीही बिघडू शकतं. म्हणजे हार्मोन खरंच कमी होतं. माझं निदान चुकलं नव्हतं, अर्धं होतं. पण पेशींना वाढायला लावणारं औषध असल्या मज्जेवर रोज टोचायचं का, हे आता रक्तविकारवाल्यांशी बोलल्याशिवाय ठरणार नव्हतं. डोसवर काट मारली आणि गुणसूत्रं किती तुटतात ते बघायला रक्त पाठवलं.

"म्हणजे इंजेक्शन आणायचं नाही?" वडील दारातच थांबले होते.

"आत्ता नाही. बसा जरा."

बराच वेळ बोललो. पुढे मज्जा बदलायची वेळ आली तर दाता लागेल, हे निघालं तेव्हा आई म्हणाली, धाकटा आहे ना, त्याला काही नाही, चांगला उंच आहे.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, तेव्हा धाकट्यालाही बोलावलं. आधी अंगठे बघितले. नीट होते. पण हा आजार असूनही अंगावर एकही खूण नसलेली मुलं असतात. त्याचीही नळी पाठवली.