आमची वाटचाल : साचेखात्यापासून कापडी पिशव्यांपर्यंत

मी 1980 साली लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या खात्यात, बदली कामगार म्हणून लागलो आणि दोन वर्षे पुरी होण्याआधीच, 18 जानेवारी 1982 रोजी, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सरकारने 1983 मध्ये मुंबईतल्या ज्या तेरा गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला त्यांत आमचीही होती, त्यामुळे माझी नोकरी पुढे वीस वर्षे टिकली. थोरल्या भावाची खाजगी गिरणी मात्र कायमची बंद पडली. अशांसाठी केंद्र सरकारने 1986 मध्ये पुनर्वसन निधीची योजना आणली होती: पहिल्या वर्षी पगाराच्या 75 टक्के, दुसऱ्या वर्षी 50 आणि तिसऱ्या वर्षी 25. उतरत्या भाजणीचा हा पैसा संपेपर्यंत माणसाने दुसरे काम शोधावे, असा हिशेब होता. पण सगळ्या गिरणगावातच भोंगे थांबले असताना ते काम कुठे शोधायचे, याचे उत्तर त्यात नव्हते. भाऊ गावी परतला.

माझी पाळी 2003 मध्ये आली. स्वेच्छानिवृत्तीत झालेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 35 दिवसांचा आणि निवृत्तीपर्यंत उरलेल्या प्रत्येक वर्षामागे 25 दिवसांचा पगार धरला गेला. सोबत समुपदेशन, पुनर्प्रशिक्षण आणि पुनर्नियोजन (म्हणजे पुन्हा कामाला लावणे) अशी तीन भारदस्त नावांची योजना होती. आम्हाला संगणक शिकवण्यात आला. धागा तुटला की आवाजावरून ओळखणारी माणसे कळफलकावर एकेक अक्षर शोधत बसली होती. पुनर्नियोजन म्हणून आमच्या तुकडीतल्या कोणालाही नोकरी लागल्याचे मला आठवत नाही. तरीही त्या वर्गाला मी नावे ठेवत नाही, कारण शेवटचे दोन दिवस एका निवृत्त बँक अधिकाऱ्याने प्रकल्प अहवाल कसा लिहावा आणि मालाची किंमत कशी काढावी ते समजावले, आणि आमचा कापडी पिशव्या शिवण्याचा धंदा त्याच दोन दिवसांवर उभा राहिला.

कर्जासाठी पंतप्रधान रोजगार योजनेकडे वळलो, तर तिची वयोमर्यादा 35 वर्षांची निघाली आणि मी 43 वर्षांचा होतो. गिरण्या बंद झाल्याने बेकार झालेल्यांत पस्तिशीच्या आतले कितीसे असणार? महिलांना मात्र दहा वर्षांची सवलत होती आणि आमच्या सौभाग्यवती चाळिशीच्या, आठवी उत्तीर्ण होत्या. म्हणून अर्ज त्यांच्या नावाने झाला आणि मालकीणही त्याच झाल्या. एक लाखाच्या कर्जावर अनुदान 15 टक्के खरे, पण कमाल मर्यादा 7,500 रुपयांची. त्या कर्जातून तीन शिवणयंत्रे, एक ओव्हरलॉक मशीन आणि मांजरपाटाचे पहिले तागे आले. तागे भिवंडीच्या यंत्रमागांवरचे होते. आमच्या हातचे काम जिथे गेले, तिथूनच आम्ही कापड विकत घेऊ लागलो.

पुढे 2008 मध्ये पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आला आणि त्यात वयाची कमाल अट उरली नव्हती, पण तो नव्या उद्योगांसाठी होता आणि आधी सरकारी अनुदान घेतलेल्यांना त्याचे दार बंद होते. दुसरे कर्ज आम्ही बँकेच्या नेहमीच्या व्याजाने काढले. गिरण्यांच्या जमिनींवर उभ्या राहणाऱ्या इमारतींत कामगाराच्या कुटुंबातील पात्र व्यक्तीला प्राधान्याने नोकरी द्यावी, असे विकास नियंत्रण नियमावलीत लिहिले होते. आमच्या चाळीतल्या दोन मुलांना तशा एका इमारतीत काम मिळाले, पण कंत्राटदारामार्फत, रखवालदाराचे.

आम्हाला खरा हात दिला तो रोजगाराशी संबंध नसलेल्या एका निर्णयाने. 23 मार्च 2018 च्या प्लॅस्टिकबंदीच्या अधिसूचनेनंतर किराणा दुकानदार आणि मिठाईवाले स्वतःहून पिशव्यांची मागणी नोंदवू लागले, आणि डोंबिवलीतल्या गाळ्यात आम्हाला दुसरी पाळी सुरू करावी लागली. पुढे कापडासारख्या दिसणाऱ्या नॉनवोव्हन पिशव्यांनी भाव पाडला, तेव्हा ती पाळी बंद करावी लागली.

आज आमच्याकडे तेरा जण काम करतात. त्यांपैकी पाच जणी गिरणी कामगारांच्या घरच्या आहेत. तेराही जणांना कर्मचारी राज्य विमा मिळतो. भविष्य निर्वाह निधीचा कायदा वीस कामगारांपासून लागू होतो, आणि गिरणीत कायम झालेल्या माणसाला जो निधी न मागता मिळत असे, तो आम्ही त्यांना अजून देऊ शकलेलो नाही.