काळ्या मातीतला अ‍ॅझोटोबॅक्टर: प्लेटवर रंग चढला

अ‍ॅझोटोबॅक्टर म्हणजे हवेतला नायट्रोजन पकडणारा मातीतला जिवाणू. तो वाढवायला आगाराच्या (जेलीसारख्या माध्यमाच्या) प्लेटवर काळी माती ठेवली होती. तिच्यावरच्या जिवाणूंच्या वसाहती आधी पांढुरक्या होत्या. आता तपकिरी होत काळपट पडू लागल्यात, आणि रंग आगारात उतरलेला नाही. म्हणजे अ‍ॅझोटोबॅक्टर क्रोओकोकमच असावा. व्हिनलँडी ही दुसरी जात असती तर भोवतीचं आगार पिवळट-हिरवं झालं असतं.

युक्ती सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंकचीच, १९०१ सालची. साखर पोटभर द्यायची आणि नायट्रोजनला उपाशी ठेवायचं. माध्यम अ‍ॅशबीचं: लिटरला मॅनिटॉल (साखरेसारखा पदार्थ) २० ग्रॅम, डायपोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ प्रत्येकी ०.२, पोटॅशियम सल्फेट ०.१, कॅल्शियम कार्बोनेट ५, आगार १५. किराण्यातलं चायना ग्रास चालतं, पण डिस्टिल्ड पाण्यात दोन-तीनदा धुऊन घ्या. त्यातल्या किंचित नायट्रोजनवरही भलतेच पाहुणे वाढतात. प्लेटवर मातीचे ओलसर कण अंतराअंतरावर ठेवले, की चारेक दिवसांत कणाभोवती शेंबडासारखा चकाकता थर धरतो.

तो थर ड्रॉइंगच्या काळ्या शाईत कालवून ४०च्या लेन्सखाली पाहिला. मस्त! काळ्या पार्श्वभूमीवर जोडीजोडीने बसलेल्या जाडजूड अंडाकृती पेशी, साधारण २ मायक्रॉनच्या, आणि प्रत्येक जोडीभोवती स्वच्छ पांढरं कडं. काही पोहतही होत्या. नायट्रोजन पकडणारं त्यांचं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होतं, म्हणून हे महाशय साखर भराभर जाळून आतला ऑक्सिजन संपवत राहतात. २० ग्रॅम मॅनिटॉल उगाच नाही.

जांभ्याच्या आम्ल मातीची प्लेट मात्र रिकामीच. सामू (pH) ६च्या खाली गेला की अ‍ॅझोटोबॅक्टर सहसा सापडत नाही. ज्वारी-गव्हाच्या १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम चोळतात ते जिवाणू खत याचंच. जमिनीचा सामू न बघता ते चोळण्यात फारसा अर्थ नाही, असं माझं मत बनत चाललंय.

आम्ल मातीत बायेरिंकिया इंडिका हा नायट्रोजन पकडणारा दुसरा जिवाणू शोधायचा. स्टार्की आणि डे यांनी १९३९मध्ये त्याला अ‍ॅझोटोबॅक्टर इंडिकम म्हटलं होतं. त्यासाठी कॅल्शियम कार्बोनेट वगळून, मॅनिटॉलऐवजी ग्लुकोज घालून, सामू ५ ठेवतोय. आम्ल कुकरमधून काढल्यावरच घालायचं, आधी घातलं तर आगार नीट गोठत नाही. वसाहती चिवट, रबरासारख्या आल्या तर फोटो टाकतो. वाढ सावकाश असते, तेव्हा प्लेटा सुकू नयेत म्हणून आगार जरा जाडच ओतलंय.