पिकू द्या म्हणे मोतीबिंदू

आत्याच्या डाव्या डोळ्याची पट्टी काल निघाली. उजेड कळतो, समोर हात हलवला तर कळतो, बाकी काही नाही. नस दबून गेली ती गेली म्हणाले डॉक्टर.

आमच्या परभणी साईडला मोतीबिंदू म्हणलं की पहिला प्रश्न, पिकला का? आधी डोळ्यातलं धुरकट झालेलं अख्खं भिंग काढायचे तेव्हा पिकेपर्यंत थांबवायचे, ते ठीक होतं, पण आता ते आतल्या आत फोडून मशीनने ओढून घेतात अन् घडीची लेन्स बसवतात, तिथं पिकून कडक झालेलाच जास्त त्रास देतो. हे फोडून ओढायचं तंत्र १९६७ पासूनचं. डोळ्यांचे डॉक्टर तात्याराव लहाने आपल्याच लातूर जिल्ह्यातले, याच ऑपरेशनांसाठी नावाजलेले, २००८ ला पद्मश्री मिळाली, तरी गावात अजून तेच, उन्हाळ्यात नको, थंडीत बघू, अन् थंडी आली की तुरी असतात.

मधी एकदा आत्या चष्म्याशिवाय पोथी वाचायला लागली होती, सगळे खूश, म्हातारपणी नजर परत आली म्हणून! ते पण मोतीबिंदूचंच काम, भिंग घट्ट होताना नंबर बदलतो अन् काही दिवस जवळचं बरं दिसतं.

मग एका रात्री तिचं कपाळ ठणकायला लागलं, उलट्या, घरात सगळ्यांना वाटलं पित्त झालं, गोळी दिली. सकाळी डोळा लालभडक. मोतीबिंदू फुगून आतल्या पाण्याची वाट बंद झाली होती, प्रेशर वाढलेलं, म्हणजे काचबिंदूच झाला की तो. लोकांना वाटतं नुसतं धुकं आहे, कधीपण काढता येतं.

मला तर त्याच्या आधीचंच जास्त लागलंय. दिवस मावळला की कीर्तनाला जाणं बंद, उंबऱ्याला अडखळून मनगट मोडलं, त्या भीतीनं चालणं कमी, मग भूक कमी, दिवसभर नुसती पेंगायची. डाळ निवडायला घ्यायची तर नजर भिंतीकडं अन् खडे बोटानं चाचपडत शोधायची. दारात कोण आलं तरी बोलायची नाही, तर लोक म्हणायला लागले म्हातारीला विसर पडायलाय. विसर कशाचा, आवाज ऐकला की मला लगेच "आलास का बाबा" म्हणायची, चेहराच दिसत नव्हता तिला.

आता उजव्याची तारीख घेतलीय पुढच्या आठवड्यातली. आत्या म्हणते कापूस वेचून होऊ दे. मी म्हणलं, कापूस तू वेचणारेस का?