सोलापूर ते कोइम्बतूर : टर्बोची गाडी ट्रॅकवर नेताना

सोलापुरात तयार केलेली टर्बोची (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राची) गाडी ट्रेलरवर न चढवता स्वतः चालवत कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची, हा आमचा बेत मार्चअखेरीस पार पडला. ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा आणि तिथवरची वाट सुमारे हजार किलोमीटरची, त्यामुळे गाडीची तयारी ट्रॅकपेक्षा रस्ता डोळ्यांसमोर ठेवून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सोलापुरात पारा चाळिशीकडे झुकू लागला की इंटरकूलरवर (टर्बोने दाबलेली तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीवर) येणारी हवाच तापलेली असते. इंजिनात जाणारी हवा पुरेशी थंड होत नाही, ताकद उतरते आणि इंजिन ठोकू लागण्याचा (आतले इंधन अवेळी पेटण्याचा) धोका वाढतो. म्हणून पहाटे अंधारातच निघावे आणि टाकळीचा भीमेवरचा पूल ओलांडून उन्हे चढण्याआधी विजापूर मागे टाकावे. हंगाम संपत आला तरी उसाच्या ट्रॉल्या या रस्त्यावर भेटतातच. विजापूरच्या अलीकडे बोनेट उघडले तेव्हा इंटरकूलरच्या पात्यांत उसाचे पाचट अडकलेले दिसले. ते हाताने काढावे, कारण जोराच्या हवेने किंवा पाण्याने पाती वाकतात.

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि बहुतेक गाड्यांत तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. भरधाव आलेली गाडी ढाब्यावर थांबवून लगेच बंद केली, तर ऑइलचा प्रवाह थांबतो, मात्र टर्बाइनकडची उष्णता तशीच राहते आणि आत उरलेले ऑइल जळून त्याचा कोळसा धरतो. थांबण्याआधीचे दोन-तीन किलोमीटर सावकाश यावे, ते जमले नाही तर एक-दोन मिनिटे इंजिन चालू ठेवावे. चहाची कितीही तलफ आली तरी हा नियम मोडू नये.

निघण्यापूर्वी इंजिन थंड असताना हवेचा पाइप काढून शाफ्टचे टोक दोन बोटांत धरून पाहावे. बाजूला किंचित हलणे स्वाभाविक आहे, परंतु आत-बाहेर खेळ जाणवला किंवा टर्बोची पाती त्याच्या कवचाला घासल्याची चमक दिसली, तर प्रवास पुढे ढकलावा. निळा धूर दिसताच टर्बोचे सील गेले असे ठरवून मोकळे होण्याआधी ऑइल परतीची नळी आणि इंजिनचा ब्रीदर (आतला वायू बाहेर सोडणारी वाट) तुंबलेला नाही ना, हे तपासावे. नळीच्या जोडावर सिलिकॉन चोपडणाऱ्या कारागिराला वेळीच थांबवावे, कारण त्याचा तुकडा सुटून ऑइलची वाट अडवू शकतो. चित्रदुर्गाच्या पुढे आमच्या गाडीत एक्सलरेटर दाबला की शिट्टी येऊ लागली. इंटरकूलरच्या पाइपचा क्लॅम्प ढिला झाला होता आणि स्क्रूड्रायव्हरने दोन मिनिटांत काम झाले. जादा क्लॅम्प आणि लिटरभर त्याच ग्रेडचे ऑइल सोबत असावेच.

हार्नेसच्या, म्हणजे ट्रॅकवर लावायच्या अनेक पट्ट्यांच्या सीटबेल्टच्या बाबतीत मात्र घाई करू नये. खांद्याचे पट्टे मागच्या सीटच्या तळाशी बांधून देण्याची तयारी गॅरेजवाले सहज दाखवतात. तसे बांधल्यास धडकेत ते खांदे खाली खेचतात आणि मणक्यावर दाब येतो. पट्टे खांद्यांच्या पातळीवरून मागे जवळजवळ आडवे, फार तर किंचित उतरते जावेत आणि रोल केजच्या (गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणाऱ्या पोलादी सांगाड्याच्या) आडव्या दांड्याला बांधावेत. तळातल्या बोल्टखाली पातळ वॉशर पुरत नाही. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांत किमान ३ मिलिमीटर जाड आणि ४० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी सांगितली आहे. कमरेचा पट्टा पोटावर नव्हे, तर ओटीपोटाच्या हाडांवर बसावा, आणि शरीर पट्ट्याखालून पुढे घसरू नये म्हणून मांड्यांमधले पट्टे असलेला सहा बिंदूंचा हार्नेस घ्यावा. लेबलवरचे मुदतीचे सालही वाचावे.

सोलापूरपासून ट्रॅकच्या फाटकापर्यंत मात्र कारखान्याने दिलेला तीन बिंदूंचा पट्टाच लावावा. तो एअरबॅगशी मेळ घालून बसवलेला असतो. शिवाय मूळ रचना बदलण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधने असल्याने, हार्नेसला जागा करण्यासाठी तो काढून टाकावा असे कोणी सुचवल्यास दुसरे गॅरेज गाठावे. ट्रॅकवर शेवटची फेरी संथ घ्यावी, आणि परतीला निघण्यापूर्वी गाडी थंड झाल्यावर ऑइलची पातळी आणि सगळे क्लॅम्प पुन्हा तपासावेत.