चुनखडीत कोंडलेली हवा

रावेर-यावलकडे काळ्या जमिनीत दोन-तीन फुटांचा खड्डा घेतला की बऱ्याच ठिकाणी पांढरट, ओबडधोबड खडे लागतात. जमीन घेताना ही चुनखडी दिसली की आपण नाक मुरडतो, आणि केळीवाल्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण पृथ्वीवर जीवसृष्टी कशामुळे टिकली, याचं हातात धरून बघता येईल असं उत्तर खान्देशात कुठे असेल, तर ते या खड्यांत आहे.

आधी तपासणी. फरशी धुवायचं जे हायड्रोक्लोरिक ॲसिड दुकानात मिळतं, ते साधारण ३० टक्क्यांचं असतं. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात दोन भाग पाणी घेऊन त्यात एक भाग ॲसिड सावकाश ओता. ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतू नका, उष्णतेने ते उसळून अंगावर येतं. हातमोजे आणि चष्मा लागतोच. माती ०-३०, ३०-६० आणि ६०-९० सेंमी अशा तीन थरांतून वेगवेगळी घ्या आणि आधी साध्या पाण्याने भिजवा. ही पायरी लोक गाळतात आणि फसतात: कोरड्या ढेकळातली हवा बाहेर पडतानाही बुडबुडे येतात आणि चुना नसलेली माती चुनखडीची वाटते. भिजलेल्या मातीवर दोन-चार थेंब टाका. कानाजवळ धरल्यावरच चरचर ऐकू आली तर चुना थोडा. फेस उसळला तर भरपूर. व्हिनेगरनेही खडा फसफसतो, पण मंद.

तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. १० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेटमध्ये ४.४ ग्रॅम वायू असतो, म्हणजे खोलीच्या तापमानाला जवळपास अडीच लिटर. सुपारीएवढ्या खड्यात दोन बाटल्या वायू!

हा वायू तिथे गेला कसा? पिकांची मुळं आणि मातीतले जीवाणू श्वास घेतात, त्यामुळे मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा दहा ते शंभर पट असतो. पावसाच्या पाण्यात तो विरघळला की सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होतं आणि ते खालच्या बेसॉल्टला खातं. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्ह्याचा हा दगड. त्यातली फेल्डस्पार आणि पायरोक्सिन ही खनिजं कॅल्शियम नि मॅग्नेशियम सोडतात. मागे जी चिकणमाती उरते, तीच आपली काळी जमीन, पावसाळ्यात फुगणारी आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना कापलेल्या दरडीत नीट पाहा: गोल धोंडा कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटत असतो, बाहेरचा पापुद्रा बोटाने चुरतो आणि आतला गाभा हातोड्याला दाद देत नाही. आम्ल भेगांतून शिरतं आणि कोपऱ्यांवर दोन-तीन बाजूंनी काम करतं, म्हणून चौकोनी ठोकळ्याचा गोळा होतो.

सुटलेलं कॅल्शियम त्या आम्लाशी जुळून बायकार्बोनेट होतं आणि पाण्याबरोबर खाली उतरतं. कोकणात पाऊस इतका, की ते पार धुऊन जातं. तिथल्या लाल मातीत चुना सापडत नाही. खान्देशात बहुतेक भागात ६००-८०० मिमी पाऊस पडतो. पाणी काही फूट उतरतं आणि उन्हाने परत खेचलं जातं, म्हणून चुना वाटेतच साका धरतो. उरलेलं गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर यांच्यातून तापीत आणि सुरतेपुढे अरबी समुद्रात जातं. समुद्रातले सूक्ष्म जीव आणि शिंपले त्याची कवचं करतात, ती तळाशी साचून चुनखडक होतो. हिशेब असा, की कॅल्शियमचा एक अणू सुटताना कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू खर्ची पडतात. कवच घडताना एक परत सुटतो आणि एक दगडात दीर्घकाळ अडकतो.

आता हे एवढं महत्त्वाचं का? सूर्यापासून १५ कोटी किमी हे अंतर सोयीचं आहे, पण पुरेसं नाही. हवेत उष्णता धरणारे वायू नसते तर येणाऱ्या सूर्यप्रकाशावर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश राहिलं असतं. प्रत्यक्षात ते १५ च्या आसपास आहे. हे ३३ अंश वायूंनी दिलेले. त्यात पाण्याच्या वाफेचा वाटा सर्वांत मोठा, आणि तो आपल्याला चांगला कळतो: जानेवारीत आकाश निरभ्र असलं की धुळ्याचा पारा रात्रीत ६-७ अंशांपर्यंत घसरतो आणि केळीला चटका बसतो, आषाढात ढगाखाली तो हलत नाही. पण वाफ स्वतःच्या बळावर टिकत नाही, हवा गार झाली की तिचं पाणी होतं. पाया धरून ठेवतो तो कार्बन डायऑक्साइड.

आणि तो पाया आपोआप सावरला जातो. तापमान वाढलं की पाऊस वाढतो, दगड लवकर झिजतो, वायू जास्त ओढला जातो, थंडावा येतो. थंडी वाढली की झीज मंदावते, पण ज्वालामुखी वायू सोडतच राहतात, म्हणून ऊब परत येते. जेम्स वॉकर, पॉल हेज आणि जेम्स कास्टिंग या शास्त्रज्ञांनी १९८१ साली हे नीट मांडलं. सूर्य तरुणपणी आजच्यापेक्षा सुमारे ३० टक्के मंद होता, तरी ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सच्या ४४० कोटी वर्षांपूर्वीच्या झिरकॉन स्फटिकांत पाण्याच्या खुणा आहेत. ७२ ते ६३ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात दोनदा बर्फ विषुववृत्तापर्यंत पोहोचला. झीज थांबली, ज्वालामुखींचा वायू साचत गेला आणि बर्फ सुटला. त्या बर्फाने आणलेल्या गाळावर जगभर कार्बोनेटचे थर बसलेले सापडतात. मला हा सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो.

या चक्राला दोन गोष्टी लागतात: द्रव पाणी आणि आतून तापलेला, हलता ग्रह, जो समुद्रतळाचा चुना खाली नेऊन भाजतो आणि वायू परत देतो. शुक्रावर पाणी उरलं नाही, वायू हवेतच राहिला, तापमान ४६५ अंशांच्या आसपास. मंगळाचं वस्तुमान पृथ्वीच्या दहाव्या हिश्शाएवढं. तो आतून लवकर निवला, चुंबकीय कवच गेलं आणि हवा विरळ होत गेली.

समुद्रात घडणारी चुना बसण्याची क्रिया आपल्या ठिबकच्या नळ्यांतही चालते. बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट असतं. उन्हात लॅटरल, म्हणजे पिकाच्या ओळीतली नळी, तापली की पाण्यातला वायू सुटतो आणि ड्रिपरच्या तोंडावर पांढरी कीट बसते. उपायही तोच, आम्ल: नळीच्या शेवटच्या टोकाला सामू (पीएच) ४ येईपर्यंत ॲसिड सोडायचं, २४ तास संच बंद ठेवायचा, मग टोकं उघडून धुवायचं. किती ॲसिड लागेल ते आधी एक लिटर पाण्यावर मोजा. ब्लीचिंग पावडरची प्रक्रिया त्याच वेळी करू नका, विषारी क्लोरीन सुटतो.

पिकात चुन्याचं दुखणं लोहाच्या कमतरतेचं आहे. चुनखडीच्या जमिनीत केळीची नवी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. जमिनीतून दिलेलं फेरस सल्फेट लवकर अडकून पडतं आणि ईडीटीए चिलेट (लोह धरून ठेवणारं खत) इतक्या जास्त सामूला टिकत नाही. जमिनीतून द्यायचं तर ईडीडीएचए चिलेट घ्या, नाहीतर फेरस सल्फेटची अर्धा टक्का फवारणी पानांवर करा.

अलीकडे बेसॉल्टची भुकटी शेतात टाकून हवेतला कार्बन कमी करायची चर्चा जोरात आहे. हवेत हा वायू औद्योगिक युगापूर्वी दहा लाखांत २८० भाग होता, आज ४२० च्या वर आहे. माणूस दरवर्षी ज्वालामुखींच्या शंभरपटीहून जास्त सोडतो, आणि निसर्गाची झीज हा फरक भरायला लाखो वर्षं घेते. कल्पना चुकीची नाही. पण झीज आम्लावर चालते. आम्लधर्मी लाल मातीत भुकटी लवकर विरते. आपल्या काळ्या जमिनीचा सामू आधीच ८ च्या आसपास, तिथे ती फार हळू काम करेल. खडी क्रशरची बेसॉल्ट डस्ट खत म्हणून विकायला कोणी आला, तर आधी तीन थरांची माती ॲसिडने तपासा. तिन्ही थरांत फेस आला, तर ट्रॉलीचं भाडं वाचवा.