पुलापलीकडे घर, पण बाळाला नेता येईना

मी न्यू जर्सीत एका अडॉप्शन एजन्सीत केसवर्कर आहे. इकडे एका राज्यातलं बाळ दुसऱ्या राज्यात दत्तक जायचं असेल तर आयसीपीसी म्हणून राज्याराज्यांतला करार आहे तो पाळावा लागतो, न्यूयॉर्कने तो 1960 मध्ये पहिल्यांदा घेतला आणि आमचं न्यू जर्सी सगळ्यात शेवटी, 1990 ला आलं.

ही केस फिलाडेल्फियातली, म्हणजे शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातली. जोडपं मराठी, इकडे न्यू जर्सीत चेरी हिलला राहणारं. पेनसिल्व्हेनियात जन्मानंतर 72 तास झाल्याशिवाय आईची संमती घेता येत नाही, ती झाली, बाळ यांच्या हातात आलं आणि सगळे थेट हॉटेलात, कारण दोन्ही राज्यांच्या ऑफिसांकडून 100ए फॉर्म, म्हणजे या कराराखालचा परवानगीचा अर्ज, मंजूर होऊन येईपर्यंत बाळाला हद्दीबाहेर न्यायचं नाही. घर म्हणाल तर बेन फ्रँकलिन पूल ओलांडला की आलंच.

मी भेटायला गेले तर टीव्हीच्या टेबलावर दुधाच्या बाटल्या, खुर्चीच्या पाठीवर लंगोट वाळत घातलेले. साताऱ्याहून आलेल्या आजी म्हणाल्या, "अगं, परवा बारसं, ते काय हॉटेलात करायचं? रात्रीपुरतं घरी नेलं तर कुणाला कळतंय?" मी म्हटलं, नाही काकू, परवानगीशिवाय नेलं तर दोन्ही राज्यं कारवाई करू शकतात, एजन्सीचं लायसन्स जाऊ शकतं.

मग त्यांनी विचारलं, नातेवाइकांना सूट असते ना? असते, बाळाच्या जन्मदात्या आईने स्वतः आपल्या आईकडे, बहिणीकडे पाठवलं तर हा करार लागत नाही. "मग मी आजीच आहे की!" कागदावर त्या अजून बाळाच्या कुणीच नव्हत्या, आणि हे त्यांना तोंडावर सांगताना मला फार जड गेलं.

पण नियम हवाच असं माझं ठाम मत आहे. उद्या काही बिनसलं, या घराने बाळ नको म्हटलं, तर दोन्ही राज्यं एकमेकांकडे बोट दाखवतील आणि बाळ मधल्या मधे लटकेल. म्हणून दत्तक पक्कं होईपर्यंत जबाबदारी पाठवणाऱ्याची, खर्चासकट, आणि वेळ आली तर परत न्यायचंही त्यांनीच. मला राग येतो तो उशिराचा, होम स्टडी, म्हणजे दत्तक घेणाऱ्या घराची तपासणी, आधीच झालेली असताना फाइल आधी पेनसिल्व्हेनियाच्या टेबलावर मग न्यू जर्सीच्या टेबलावर, आणि बाळंतीण नसलेली ही आई तोवर हॉटेलच्या खोलीत रात्री जागतेय.

बारसं शेवटी तिथेच झालं, हॉटेलच्या क्रिबला माळ बांधून. मंजुरी त्यानंतर आली. आता माझ्या होम व्हिजिट चालू आहेत, त्याचे रिपोर्ट पेनसिल्व्हेनियालाही जातात, कोर्टाची तारीख लागायचीये.