तीनपैकी तीन

क्रिकेटच्या आकडेवारीत रमणाऱ्यांना वेस्ट इंडीजचा अँडी गँटोम ठाऊक असतो: १९४८ साली एकच कसोटी, एकच डाव, ११२ धावा आणि सरासरी थेट ब्रॅडमनच्याही वर. बेसबॉलमध्ये त्याच्या पंगतीला बसवावा असा खेळाडू म्हणजे जॉन पचोरेक.

२९ सप्टेंबर १९६३ रोजी, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, ह्यूस्टनच्या 'कोल्ट .४५' संघाने या अठरा वर्षांच्या मुलाला राइट फील्डला, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेला क्षेत्ररक्षणासाठी, उभे केले. मैदान होते कोल्ट स्टेडियम, जे खेळापेक्षा उकाड्यासाठी आणि डासांसाठी अधिक प्रसिद्ध होते. पचोरेक पाच वेळा बॅट घेऊन उभा राहिला. त्यात तीन सिंगल (फलंदाजाला पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, नेणारे यशस्वी फटके किंवा हिट) आणि दोन वॉक (चार वाईट चेंडू पडल्यामुळे फटका न मारता मिळणारा पहिला बेस) मिळाले, म्हणजे पाचही वेळा तो बेसवर पोहोचला. त्याने स्वतः चार धावा काढल्या, तीन धावा सहकाऱ्यांना मिळवून दिल्या आणि ह्यूस्टनने सामना १३-४ असा जिंकला. वॉक सरासरीत धरले जात नसल्यामुळे हिशेब उरतो तो तीनपैकी तीन हिटचा, आणि बेसबॉलच्या दशांशी पद्धतीत तो १.००० असा लिहिला जातो. जिथे .३०० ही सरासरी उत्तम मानतात, तिथे हा आकडा छापण्यातली चूक वाटावी असा दिसतो.

खरे सांगायचे तर समोरचा न्यूयॉर्क मेट्स हा संघ अगदीच दुबळा होता. त्या हंगामात तो १११ सामने हरला. तरीही अठराव्या वर्षी पहिल्याच दिवशी एकदाही बाद न होणे ही काही सोपी गोष्ट नव्हे, आणि पुढच्या वर्षी याच्याकडून केवढ्या अपेक्षा ठेवल्या गेल्या असतील, याची कल्पना सहज करता येते.

पण पुढच्या वर्षी पाठीने दगा दिला. १९६४ मध्ये मणक्याची शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर १९६९ पर्यंत तो दुय्यम लीगमध्ये धडपडत राहिला, तरी मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या सर्वोच्च पातळीचे, दार पुन्हा उघडले नाही. पुढे तो कॅलिफोर्नियात शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक झाला.

मला मात्र त्याच्या धाकट्या भावाची नोंद शेजारी ठेवून पाहायला आवडते. टॉम पचोरेक मेजर लीगमध्ये अठरा हंगाम खेळला आणि त्याने १,१६२ हिट मारले, त्याची सरासरी .२८२.